अंगठा देऊ नका, ताई

पत्र: सर, मी कराडची. घरीच शिवणकाम करते, हाताखाली दोन मुली आहेत. अकरा दिवसांपूर्वी कोल्हापूरहून अस्तर, लेस असा माल घेऊन स्वतः गाडी चालवत येत होते. महामार्ग सोडून सेवा रस्त्याला लागले, तेवढ्यात राँग साइडने आलेल्या पिकअपने धडक दिली. गाडीची उजवी बाजू आत गेली. माझ्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लेट घातली आहे. दवाखान्याचं बरंचसं मेडिक्लेममधून भागलं. गाडी साडेतीन वर्षांची, गॅरेजवाल्याने १,१८,००० खर्च सांगितला आहे. पोलिसांनी पंचनामा केला, पिकअप ठाण्याच्या आवारात आहे, पण ‘मिटतंय का बघा’ म्हणत गुन्हा अजून नोंदवलेला नाही. पिकअपचा विमा संपून चौदा महिने झाले. गाडीच्या कागदावर तासगावच्या कोणाचं तरी नाव आहे, वापरतो एक भाजीचा व्यापारी, आणि चालवत होता त्याच्याकडचा बावीस वर्षांचा पोरगा. व्यापारी २५,००० द्यायला तयार आहे. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहूनच आणलं होतं. माझा हात बांधलेला, तर ‘डावा अंगठा चालेल’ म्हणाले. त्या पोराची आई घरी येऊन पाया पडली, मला रात्रभर झोप लागली नाही. आपल्या विम्यातून घ्यावं तर नो क्लेम बोनस जातो. शनिवारी ते परत येणार आहेत. काय करू? (हे पत्र मुलीकडून लिहून घेतलंय. सोबत त्या कागदाचा फोटो आहे.)

ताई,

शनिवारी ती माणसं आली की पाणी द्या, चहा द्या, पण अंगठा देऊ नका. बाकीचं सगळं पुढे सावकाश सांगतो. एवढं मात्र आधी मनाशी पक्कं करा.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून दोनदा वाचला. त्यातली चौथी ओळ अशी आहे: ‘सदर अपघाताबाबत सर्व नुकसानभरपाई रोख मिळाली असून आमची कोणाविरुद्धही कोणतीही तक्रार राहिलेली नाही व भविष्यात कोणत्याही न्यायालयात दाद मागणार नाही.’ आणि रकमेची जागा कोरी आहे. २५,००० हा आकडा त्या कागदावर कुठेच नाही. ‘सदर अपघाताबाबत’ म्हटलं की त्यात गाडीचा पत्रा आला, तुमचं मनगट आलं, उद्या प्लेट काढायची वेळ आली तर तो खर्चही आला. ‘कोणाविरुद्धही’ म्हटलं की व्यापारी सुटला, तासगावचा कागदोपत्री मालकही सुटला. कागद लिहिणारा नवखा नाही.

मोटार अपघाताच्या दाव्यांत माझी बरीच वर्षं गेली. असे कागद मी इतके पाहिलेत की आता कागदाची घडी उघडायच्या आधीच आत काय असेल ते कळतं. एक शेतकरी अशील होते. त्यांनी अपघातानंतर चौथ्या दिवशी पंधरा हजार घेऊन सही केली, कारण पायाला ‘नुसती सूज’ होती. पाचव्या महिन्यात पायावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली. आम्ही दावा लावला. असा कागद न्यायाधीशाचे हात बांधत नाही हे खरं, पण तो प्रत्येक तारखेला समोरच्या वकिलाच्या फाइलमधून बाहेर यायचा आणि दर वेळी माझ्या अशिलाला उत्तर द्यावं लागायचं, ‘मी तेव्हा सही का केली?’ माणूस खरा होता आणि तरीही त्याची मान खाली जायची. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून मी इतक्या आग्रहाने लिहितोय.

आता मूळ गोष्ट. तुमच्या पत्रात दोन नुकसानं एकत्र झाली आहेत, आणि त्यामुळेच २५,००० हा आकडा तुम्हाला विचार करण्याजोगा वाटतोय. गाडीचं नुकसान वेगळं, हाताचं वेगळं. दोन्हींचे रस्तेही वेगळे.

गाडीचा रस्ता सोपा आहे. तुमची पॉलिसी सर्वसमावेशक असेल, म्हणजे नुसती थर्ड पार्टी, दुसऱ्याच्या नुकसानीपुरती, नसेल, तर समोरच्याचा विमा आहे की नाही याच्याशी तुमच्या दुरुस्तीचा काही संबंध नाही. आजच तुमच्या विमा कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या. अकरा दिवस उशीर का झाला ते खरं लिहून द्या: हात मोडला, शस्त्रक्रिया झाली, दवाखान्यात होते. कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा, पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला एक बोल्टसुद्धा उघडू देऊ नका. आणि पॉलिसीच्या अटींत एक अट असते जी बहुधा कोणी वाचत नाही: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही समोरच्याशी परस्पर कबुली किंवा तडजोड करायची नाही. तुम्हाला पैसे दिल्यावर ते पिकअपवाल्याकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो. तुम्ही आधीच ‘कोणाविरुद्धही तक्रार नाही’ लिहून दिलंत तर कंपनीच्या हातात काय उरलं? मग ती तुमच्याच क्लेममध्ये खोट काढू शकते. म्हणजे तो अंगठा पिकअपवाल्याला सोडवेल आणि वर तुमचा स्वतःचा विमाही अडचणीत आणेल.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाण्याची भीती मात्र मनातून काढाच. ती भीती मला प्रत्येक घरात दिसते आणि दर वेळी हिशेब न करता धरलेली असते. साडेतीन वर्षांच्या, क्लेम न केलेल्या गाडीला सध्या ३५ टक्के बोनस असेल, पुढच्या नूतनीकरणाला तो ४५ झाला असता. क्लेम केला की शून्य. पण हा बोनस पूर्ण हप्त्यावर नसतो, फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असतो. समजा तो भाग ८,००० रुपये आहे. पहिल्या वर्षी ४५ टक्क्यांचे ३,६०० गेले. दुसऱ्या वर्षी तुम्हाला ५० मिळाले असते, आता २० मिळतील, फरक २,४००. तिसऱ्या वर्षी २,०००, चौथ्या वर्षी १,२००, पाचव्या वर्षी ४००. पाच वर्षांची बेरीज ९,६००. एवढ्यासाठी १,१८,०००ची दुरुस्ती अंगावर घ्यायची नाही, ताई.

मात्र पूर्ण १,१८,००० मिळतील असंही समजू नका. झिरो डेप (घसारा न कापण्याची जादा सोय) घेतलेलं नसेल तर घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची घट, कापतात. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मा, काचेवर काही नाही, आणि तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के. म्हणजे बंपरचे ६,००० असतील तर ३,००० मिळतात, बॉनेटचे ९,००० असतील तर ६,७५०. रंगाच्या मटेरियलचेही निम्मेच. मजुरीवर घसारा नाही. शिवाय दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये तुमच्या वाट्याचे. ही कापलेली रक्कम कागदावर मांडून ठेवा, कारण ती पिकअपच्या मालकाकडून मागता येते. कंपनीने दिलेलेच पैसे पुन्हा त्याच्याकडून मागता येत नाहीत, पण न मिळालेले नक्की मागता येतात.

हे झालं गाडीचं. माझी खरी काळजी तुमच्या हाताची आहे.

मनगट पूर्ण वळेल की नाही हे अकराव्या दिवशी तुमचा डॉक्टरही सांगू शकत नाही. तो म्हणेल, प्लेट बसली छान, फिजिओथेरपी करा, बघू. नोकरदार माणसाचं मनगट दहा अंशांनी कमी वळलं तर त्याला फार फरक पडत नाही. तुम्ही कात्री धरता. बाहीचा गोल कापताना मनगट कसं फिरतं ते मी माझ्या आईला कापताना पाहिलंय, अंगठ्याच्या मुळावर सगळा जोर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हेच स्पष्ट केलं आहे. डॉक्टरने दाखल्यावर किती टक्के अपंगत्व लिहिलं एवढं पाहून भागत नाही, त्या माणसाच्या कामावर आणि कमाईवर त्याचा काय परिणाम होतो ते पाहायचं. दाखल्यावरचे दहा टक्के शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी प्रत्यक्षात बरेच जास्त ठरू शकतात.

म्हणून तुमची ऑर्डरची वही जपा. तीच, जिच्यात गिऱ्हाइकाचं नाव, छाती-कंबर-बाहीची मापं, ‘५०० आगाऊ’ अशी नोंद आणि कडेला पिनेने टोचलेला कापडाचा तुकडा असतो. तुमच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणजे ती वही आणि फोनवर आलेल्या पैशांच्या नोंदी. गेल्या वर्षभरातली सगळी पानं मुलीकडून फोटो काढून ठेवा. अपघातानंतर परत केलेल्या ऑर्डरींची वेगळी यादी करा. हाताखालच्या मुलींना जास्त पैसे देऊन काम करून घेत असाल तर तेही लिहा. घरी धुण्याभांड्याला बाई लावली असेल तर तिचे पैसे, दवाखान्यात जायचं रिक्षाभाडं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत.

दवाखान्याच्या कागदांत एक गोष्ट तातडीने तपासा. डिस्चार्ज कार्डावर दुखापतीचं कारण काय लिहिलंय? घाईत ‘पडून इजा’ असं लिहिलेलं मी अनेकदा पाहिलंय. तिथे रस्ता अपघात असा स्पष्ट उल्लेख, तारीख आणि वेळ हवी. नसेल तर आजच अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या, चार महिन्यांनी केलेली दुरुस्ती संशयास्पद दिसते. मेडिक्लेममधून मिळालेल्या पैशांचीही काळजी नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५मध्ये सांगितलंय की ते पैसे तुम्ही हप्ता भरून मिळवलेत, अपघाताच्या भरपाईतून ते कापायचे नाहीत. म्हणून मूळ बिलांच्या प्रती मेडिक्लेमवाल्यांकडून मागून घ्या.

आता पोलीस. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. बेदरकारपणे गाडी चालवून गंभीर दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५(ब)खाली दखलपात्र गुन्हा आहे. ‘मिटतंय का बघा’ हा सल्ला हवालदाराने चांगल्या मनाने दिला असेल, पण मिटण्याची वाट पाहत गुन्हा लांबवता येत नाही. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तरीही नोंदवला नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने पाठवा, त्यानेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)मध्ये ही वाट आखून दिली आहे. तक्रारीत जे घडलं तेच लिहा. तुमचा वेग ६० असेल तर ६० लिहा. आपली बाजू बळकट करायला कोणी सुचवलेलं एखादं वाक्य घालू नका, तेच पुढे गळ्यात येतं. आणि त्या सेवा रस्त्यावर पेट्रोल पंप किंवा ढाबा असेल तर भावाला आजच तिथे धाडा. कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, अकरा दिवस आधीच गेलेत.

विमा खरंच नाही याची खातरजमा शब्दावर करू नका. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पोलिसांनाही लेखी पडताळणी करायला सांगा, कारण त्या नोंदी कधी कधी मागे असतात. उलटाही प्रकार होतो. अपघातानंतर दोन तासांनी मोबाइलवरून पॉलिसी काढायची आणि त्याच तारखेचा कागद पुढे करायचा. पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही असते, ती पाहा.

इथे मला त्या पोराच्या आईबद्दल बोलायचंय. तुम्हाला झोप लागली नाही हे वाचून मला तुमच्याबद्दल आदरच वाटला. पण ताई, नीट पाहा कोण कोणाच्या मागे उभं आहे. विमा काढायची जबाबदारी त्या पोराची नव्हती. तो रोजावर गाडी चालवतो. मालवाहू गाडीचा, साडेसात हजार किलोपर्यंतच्या, थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता १ जून २०२२च्या दरपत्रकाप्रमाणे १६,०४९ रुपये आहे. तो हप्ता व्यापाऱ्याने वाचवला. आता तो २५,००० पुढे करतोय आणि स्वतः न येता त्या माउलीला तुमच्या पायावर घालतोय. तिचे अश्रू खरे आहेत, तिला पाठवणाऱ्याचा हेतू मात्र वेगळा आहे. विम्याविना गाडी रस्त्यावर आणण्याचा पहिला दंड २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि तो गाडी चालवू देणाऱ्यालाही लागू होतो. त्या दंडातला रुपयाही तुम्हाला मिळत नाही. तुमचं नुकसान भरून द्यायची जबाबदारी त्याच्यावर वेगळी उरतेच.

आणि तो एकटाच नाही. गाडी विकली, मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सह्या झाल्या, पण आरटीओत नाव बदललं नाही, अशा गाड्या आपल्याकडे गावोगाव आहेत. तासगावचा माणूस म्हणेल, मी दोन वर्षांपूर्वीच विकली, माझा काय संबंध? संबंध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सांगितलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणून दाव्यात तिघांनाही सामील करा: कागदोपत्री मालक, व्यापारी आणि चालक. तासगावच्याला नोटीस गेली की तोच व्यापाऱ्याच्या मागे लागेल. मी हे अनेकदा घडताना पाहिलंय.

सगळ्यात निकडीची गोष्ट मात्र ठाण्याच्या आवारात उभी आहे. विमा कंपनी नाही म्हणजे पैसे देणारा एक माणूस आहे, आणि माणूस उद्या हात वर करू शकतो. ती पिकअप हीच आज तुमची हमी आहे. व्यापाऱ्याला गाडी कधी एकदा सुटते असं झालंय, भाजी रोज न्यायची असते. तो दंडाधिकाऱ्यांपुढे सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमीपत्र देऊन तात्पुरत्या ताब्यात, गाडी मागेल. बरोबर तुमचा अंगठा असलेला कागद असेल तर काम आणखी सोपं. शनिवारची घाई त्यासाठी आहे.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. उषा देवी विरुद्ध पवन कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की विमा नसलेल्या गाडीने कोणाचा जीव घेतला, इजा केली किंवा मालमत्तेचं नुकसान केलं, तर मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय ती सोडायची नाही. तीन महिन्यांत हमी दिली नाही तर गाडीचा लिलाव करून पैसे अपघात दावा न्यायाधिकरणात जमा करायचे. २०२२च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही ही तरतूद आली. पण न्यायालयाला कोणी सांगितलंच नाही की गाडीला विमा नाही, तर ती इतर गाड्यांसारखी साध्या बाँडवर सुटून जाऊ शकते. म्हणून या आठवड्यातच एका वकिलाकडून दंडाधिकाऱ्यांकडे हरकतीचा अर्ज द्या आणि त्याची प्रत तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना द्या. एका पानाचा अर्ज असतो: गाडीचा नंबर, विमा संपल्याची तारीख, तुमची दुखापत, आतापर्यंतचा खर्च, आणि पुरेशी हमी घेतल्याशिवाय गाडी सोडू नये ही विनंती. या सगळ्या प्रकरणात एकच काम करायची ताकद असेल तर हे करा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्यालाही त्यांची समिती असते. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

न्यायाधिकरणाचा दावा तुम्ही राहता तिथे लावता येतो, तासगावला खेटे घालायची गरज नाही. मुदत अपघातापासून सहा महिने. या मुदतीवरून न्यायालयांत बरंच काही चाललंय, पण तुम्ही त्या भरवशावर राहू नका. खरं तर २०२२च्या नियमांप्रमाणे पोलिसांनीच पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तुमच्याकडे गुन्हाच नोंदवलेला नाही, तेव्हा आपला दावा आपणच वेळेत लावलेला बरा. दुसरी एक वाट मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ची आहे. तिच्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये ठरलेले आहेत आणि विमा नसेल तर ते मालकाने द्यायचे. दोन्ही वाटांचे पैसे मिळत नाहीत. हात चांगला बरा झाला तर ही वाट जवळची, मनगट आखडलं तर चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागणं चांगलं. म्हणून वकिलाशी बोला, पण फिजिओथेरपीचे दोन-तीन महिने जाईपर्यंत अंतिम निवड करू नका.

कोणी सांगेल की सरकारच्या निधीतून पैसे मिळतात. अपघाती गाडीचा पत्ताच लागला नाही तर मिळणारी मदत वेगळी, तुमची गाडी तर ठाण्यातच उभी आहे. २०२५पासून अपघातग्रस्तांना ठरावीक रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत उपचार रोख न भरता मिळतात, ती योजना मात्र इतर वाचकांनी लक्षात ठेवावी. अपघात झाल्या झाल्या रुग्णालयात तिचं नाव घ्यायचं असतं.

निकाल लागूनही त्याने पैसे दिले नाहीत तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मनात असणारच, आणि मी खोटी आशा लावणार नाही. विमा नसलेल्या गाडीच्या दाव्यात वसुली हीच खरी लढाई असते. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवू शकतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. व्यापाऱ्याची किंवा तासगावच्याची शेती असेल तर तिच्यावर टाच येऊ शकते. सातबाऱ्यावर बोजा चढणार म्हटलं की अनेकांचे हात खिशाकडे जातात. पण नावावर काहीच नसेल तर दाखला कागदच राहतो. म्हणून तर त्या पिकअपबद्दल मी इतकं लिहिलं.

आणि तडजोड करायचीच नाही का? करा ना, जरूर करा. कोर्टात दहा वर्षं काढण्यात कोणाचंच भलं नाही. फक्त ती लोकअदालतीत, न्यायाधिकरणात दावा लावल्यावर करा. तिथे रक्कम लिहिली जाते, हप्ते लिहिले जातात, आणि त्या कागदाला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ येतं. हप्ता चुकला तर वसुली लावता येते. व्यापाऱ्याने तीन वर्षांत दर महिन्याला थोडे थोडे दिले तरी तुमचं काम होईल आणि त्याचा धंदाही मोडणार नाही. त्या पोराबद्दल तुम्हाला कणव आहे, तर ती तिथे दाखवता येईल. चालकाकडून मला काही नको, मालकांनी द्यावं, असं तुम्ही स्वतः सांगू शकता.

शनिवारी व्यापारी हातखर्चाला पैसे देऊ लागला तर घ्यायला हरकत नाही, पण रोख नको, बँक खात्यावर. पावतीवर मुलीकडून एवढंच लिहून घ्या: ‘उपचाराच्या खर्चापोटी तात्पुरती आगाऊ रक्कम मिळाली. दावा करण्याचा माझा हक्क कायम आहे.’ या दोन ओळींवर त्याची सही घ्या. तो सही करायला तयार झाला नाही तर त्याचे पैसेही घेऊ नका.

भावाला किंवा यजमानांना घरी थांबायला सांगा. एकट्या असाल तर दार उघडायचीही सक्ती नाही. त्या आईला आत बोलवा, जवळ बसवा. तिला सांगा, ‘मावशी, तुमच्या पोरावर माझा राग नाही, पण हात माझा आहे आणि शिलाई मशीन माझं आहे.’ मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणा, ‘माझे वकील बोलतील.’ त्याने जास्त ताणलं तर एवढंच वाक्य पुन्हा म्हणा. आणि तो कागद तो टेबलावर ठेवून गेला तर फाडू नका, तसाच पिशवीत ठेवा, त्यातली रकमेची कोरी जागा मला न्यायालयाला दाखवायला आवडेल.